रेटिक काउंट ‘हाय’ आलाय. आईच्या लोहाच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

नमस्कार. आई ४७ वर्षांची, गावी असते. मी नोकरीसाठी लांब. वर्षभर तिच्या अंगावरून खूप जात होतं, पण तिनं कुणाला सांगितलंच नाही. दिवाळीला घरी गेले तर ती तांदूळ निवडता निवडता कच्चेच तोंडात टाकत होती. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरट. हिमोग्लोबिन ६.८, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६४, फेरिटिन (साठवलेल्या लोहाचं माप) ४. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या.

दहाव्या दिवशी परत रक्त दिलं. हिमोग्लोबिन जेमतेम ७.४. रेटिक काउंट मात्र १.४ वरून ८.८ टक्के, रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘हाय’. लॅबमधल्या मुलानं "हे वाढलंय, डॉक्टरांना दाखवा" एवढंच सांगितलं आणि डॉक्टर चार दिवस बाहेरगावी. आईनं घाबरून गोळ्या बंद केल्या. शौचाला काळं होतं, पोट साफ होत नाही, ही कुरकुर आधीपासून होतीच.

हा काही नवा आजार आहे का? आणि रक्त कमी पडलंय हे शरीराला कळतं, तर ते आपणहून का भरून काढत नाही? कृपया जाणकारांनी सांगा, रात्री झोप लागत नाहीये.

प्रतिसाद १:
ताई, मी वीस वर्षं लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकावर काम करतोय. हा ‘हाय’ आपण ज्याची वाट बघत होतो तोच आहे.

शरीराला कळतं, आणि आधी कळतं ते मूत्रपिंडाला. रक्तातून येणारा प्राणवायू कमी पडला की तिथल्या पेशी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात. (पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं.) तो निरोप अस्थिमज्जेला जातो आणि तिथं लाल पेशी घडायला लागतात. तुमच्या आईच्या अंगात हा निरोप वर्षभर जात असणार. पण हिमोग्लोबिन बांधायला लोह लागतं आणि कोठारात ते नव्हतंच.

निरोगी माणसाची मज्जा रोज २० मिलिग्रॅमच्या आसपास लोह वापरते. त्यातलं जवळजवळ सगळं १२० दिवस जगून संपलेल्या जुन्या पेशींमधून परत मिळतं. जेवणातून जेमतेम १-२ मिलिग्रॅम शोषलं जातं. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरबरोबर अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. एका पाळीत ८० मिली गेलं तर ४० मिलिग्रॅम गेलं. पालेभाजी खाऊन हा खड्डा भरत नाही.

आता रेटिक, म्हणजे मज्जेतून नुकत्याच रक्तात आलेल्या कच्च्या लाल पेशी. मज्जेतली पेशी घडता घडता आपलं केंद्रक बाहेर टाकते आणि रक्तात येते, तेव्हा ती अजून कच्ची असते. आम्ही ताज्या रक्तात निळा रंग मिसळून पंधरा मिनिटं ठेवतो आणि काचेवर पसरतो. कच्च्या पेशीत बारीक निळी जाळी दिसते. एक-दोन दिवसांत ती जाळी जाते आणि पेशी पक्की होते. लोह मिळाल्यावर साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी अशा जाळीवाल्या पेशींची गर्दी होते. हिमोग्लोबिन त्यांच्या मागून चढतं. तीन-चार आठवड्यांत दोन ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं.

पेशी फुटत असतील तरीही रेटिक वाढतो, म्हणून डॉक्टरांना रिपोर्ट दाखवाच. पण फेरिटिन ४ आणि गोळ्यांचा दहावा दिवस म्हटल्यावर मला यात मज्जा जागी झालेली दिसते.

प्रतिसाद २:
माझंही तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. काळं शौच लोहामुळे होतं. मात्र डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर वेगळी गोष्ट, लगेच दाखवा. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा तासाभरानंतर. पोटाचा त्रास असेल तर गोळी बदलून मिळते किंवा एक दिवसाआड देतात, पण ते डॉक्टरांना विचारून. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून थांबू नका, त्यानंतर कोठार भरायला साधारण तीन महिने लागतात. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी दाखवा. गळतं भांडं भरत बसण्यात अर्थ नाही. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काही झालं तर चार दिवस थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार. डॉक्टरांना फोन लागला, त्यांनीही गोळ्या चालू ठेवायला सांगितलं. मग आईला निळ्या जाळीचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे नवीन रक्त यायला लागलंय?" रात्रीची गोळी घेतली. सोनोग्राफी शनिवारी आहे, रिपोर्ट आला की इथेच लिहीन.