सुपर फंडाच्या ट्रस्टी कंपनीची फी दहा वर्षांची एकदम भरू का?

तासगावकर_मेलबर्न
नमस्कार मंडळी, इथं सांगली-साताऱ्याचे ऑस्ट्रेलियात एसएमएसएफ (म्हणजे आपला आपण चालवायचा निवृत्तीचा सुपर फंड) चालवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. आम्हा नवरा-बायकोचा फंड आहे, ट्रस्टी म्हणून एक छोटी कंपनी काढलीय, दोघंही डायरेक्टर, कंपनीला दुसरा धंदा काही नाही. कंपनीची वार्षिक रिव्ह्यू डेट ऑगस्टच्या शेवटाला, तिथनं दोन महिन्यांत असिकची (तिकडचं कंपन्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) फी भरायची आणि नेमकं तेव्हाच माझं गावाकडं येणं असतं, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला. २०२४ ला घोळ झालाच. छाटणी झाली की लगेच वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावून घ्यावी लागते, दहा-बारा बायका कामाला, मी पण हातमोजे घालून ओळीत उभा, त्यात बँकेचा ओटीपी यायचा तिकडच्या सिमवर आणि आमच्या बागेत त्या सिमला एक दांडी पण नसते. घरी जाऊन करू म्हणता म्हणता तारीख गेली. फी ६५ डॉलर आणि दंड ९६ डॉलर! चाराण्याची कोंबडी बाराण्याचा मसाला. बायको अजून ऐकवती.

आता कळलं की दहा वर्षांची फी आगाऊ भरता येते, दहा वर्षांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडते आणि मधे फी वाढली तरी आपल्याला झळ नाही. भरून टाकू का? फंडातनं भरायची का खिशातनं? आणि एकदा भरली की दरवर्षीची कटकट संपली ना? वय ६१, दोन-तीन वर्षांत कायमचं तासगावलाच यायचा विचार आहे.

मिरज_जंक्शन
दादा, फंडातनं भरता येते, कंपनी फक्त फंडाच्या ट्रस्टीचंच काम करत असेल तर तो फंडाचाच खर्च. खिशातनं भरलीस तर पावती ठेव आणि लगेच फंडाकडनं परत घे, नाहीतर ऑडिटर विचारत बसतो. टॅक्सचं म्हणशील तर आगाऊ भरलेला खर्च एरवी जेवढ्या वर्षांचा तेवढ्या वर्षांत वाटून दाखवावा लागतो, पण १००० डॉलरच्या आतल्या खर्चाला ती अट नाही आणि तुझ्यासारख्या कंपनीची दहा वर्षांची फी त्याच्या आतच बसते, म्हणजे भरलेल्या वर्षीच सगळा खर्च दाखव.

६५ चं बिल आलं म्हणजे तुझी कंपनी स्पेशल पर्पजमधी (फक्त ट्रस्टीच्या कामापुरती, म्हणून सवलतीची फी) आहे हे नक्की. साध्या प्रायव्हेट कंपनीला त्याच वर्षी ३२१ होते. माझ्या ओळखीच्या एकानं हीच कंपनी वापरून वर थोडं कन्सल्टिंग चालू केलं, ते चालत नाही, सवलत फक्त ट्रस्टीपुरती. कंपनीच्या घटनेत पण तसं कलम लागतं की सभासदांना नफा-मालमत्ता वाटायची नाही. तेवढं एकदा उघडून बघ.

कराडचा_पोरगा
मी भरलेत दहा वर्षांचे. आणि "कटकट संपली ना" असंच मला पण वाटलेलं, म्हणून सांगतो, न्हाय संपत. पैसे भरले तरी वार्षिक स्टेटमेंट दरवर्षी येतंच. ते वाचायचं, पत्ता-डायरेक्टर बरोबर आहेत का बघायचं, बदल असला तर २८ दिवसांत कळवायचा, आणि कंपनी देणी भागवू शकती असा ठराव दोन महिन्यांत करून फायलीत ठेवायचा. मी काय केलं, फी भरलीय म्हणून ईमेलच उघडायचं सोडून दिलं. मधे घर बदललं, पत्ता कळवायचा राहिला, चांगला चार महिने. एक महिन्याच्या वर उशीर झाला की तेव्हा, २०२४-२५ ला, सरळ ४०१ डॉलर दंड होता! आगाऊ भरून जेवढे वाचवले त्याच्या कितीतरी जास्त एका झटक्यात गेले.

आणि ईमेलवरनं आठवलं, "कंपनी रिन्यू करा, इथं क्लिक करा" असले खोटे मेल लई येतात असिकच्या नावानं. तू दहा वर्षांचं भरलं असशील तर निदान तो मेल खोटा आहे हे तरी लगेच कळेल, एवढा एक फायदा आहे बघ.

अजून एक, एटीओची (तिकडच्या टॅक्स खात्याची) फंडावरची २५९ डॉलरची लेव्ही वेगळीच असती, ती रिटर्नबरोबर जाती, ती यात धरू नको.

विश्रामबाग_सीए
मी इथं सांगलीत प्रॅक्टिस करतो, ऑस्ट्रेलियातले दोन-तीन क्लायंट आहेत. ९६ डॉलरवर रडू नका साहेब, आपल्याकडं कंपनीचं वार्षिक रिटर्न चुकलं तर दर दिवसाला १०० रुपये मीटर चालू असतंय, फॉर्ममागं.

पण तुम्ही सगळ्यात मोठी गोष्ट शेवटच्या ओळीत टाकलीय. दोघं कायमचे तासगावला आलात तर फंडाचं काय? फंडाचा कारभार, म्हणजे खरे निर्णय, ऑस्ट्रेलियातनंच व्हायला लागतात. तात्पुरतं बाहेर असलात तर दोन वर्षांपर्यंत चालतंय, पण कायमचं येणं म्हणजे तात्पुरतं नव्हे, विमानात बसलात तिथंच प्रश्न सुरू. फंड नॉन-कम्प्लाइंग (नियमात न बसणारा) ठरला तर १५ टक्क्यांचा टॅक्स ४५ वर जातो. म्हणजे यायच्या आधी बहुतेक तुम्हाला फंड बंद करून पैसे मोठ्या फंडात हलवावे लागतील, मग कंपनी पण मोडायची, आणि आगाऊ भरलेली फी परत मिळत नाही. दोन-तीन वर्षांसाठी दहा वर्षांचे कशाला भरताय? त्यापेक्षा तिकडच्या सल्लागाराला पुढच्या छाटणीआधी गाठा.

कराडचा_पोरगा
बरोबर. आणि दादा, वहिनी पण डायरेक्टर आहेत म्हणतोस, छाटणीला त्या मेलबर्नलाच असतात ना? मग त्या का भरत नाहीत फी?

तासगावकर_मेलबर्न
सगळ्यांचे आभार. सीएसाहेब, तुमचं वाचून जरा घाम फुटला, दोन वर्षांचं मला माहितीच नव्हतं, मी आपला इथं बसून फोनवरनं शेअर घ्यायचे-विकायचे म्हणत होतो. दहा वर्षांचं रद्द, यंदाचे एकाच वर्षाचे भरतो.

कराडकर, लॉगिन माझ्याच फोनला होतं म्हणून. काल रात्री तिला दिलं. फी दोन मिनिटांत भरली तिनं, त्यानंतर तासभर फोनवर एकच, "हे शेअर कुणी सांगितलेले घ्यायला?"