एलईडी बल्बची त्रयस्थ चाचणी कोठे आणि कशी करून घ्यावी?

जिन्याचा सचिव

नमस्कार. आमच्या कोथरूडमधील सोसायटीसाठी गेल्या वर्षी आम्ही एका घाऊक दुकानातून ९ वॅटचे १२० एलईडी बल्ब घेतले. खोक्यावर आयुष्य २५,००० तास लिहिलेले आहे. जिन्यातील आणि पार्किंगमधील दिवे रोज सुमारे बारा तास जळतात, म्हणजे नऊ महिन्यांत फार तर ३,३०० तास झाले असतील. तेवढ्यात ३१ बल्ब गेले. दुकानदार म्हणतो, "आयएसआय माल आहे साहेब, तुमचा करंटच खराब आहे." खोक्यावरचा आर-क्रमांक (सरकारी नोंदणी क्रमांक) मी भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासला आणि तो खरा निघाला. मग सरकारी नोंदणी असूनही बल्ब असे का जातात, आणि एखाद्या सोसायटीला स्वतःच्या खर्चाने अशी चाचणी करून घेता येते का, हे जाणकारांनी सांगावे. वार्षिक सभेत हा विषय निघणारच आहे.

गोलातला उजेड

सचिवसाहेब, मी बरीच वर्षे दिव्यांच्या चाचणीचे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आर-क्रमांक म्हणजे आयएसआय चिन्ह नव्हे. ती सक्तीच्या नोंदणी योजनेतील नोंद असून एलईडी बल्बसाठी ती आयएस १६१०२ या मानकाच्या पहिल्या भागावर, म्हणजे सुरक्षिततेवर, आधारलेली असते. बल्बला हात लावल्यास शॉक बसणार नाही, टोपी निखळणार नाही, तो पेट घेणार नाही, एवढीच तिची हमी. उजेड किती आणि तो किती काळ टिकेल, हा मानकाच्या दुसऱ्या भागाचा विषय आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकन २०१८ पासून सक्तीचे झाले, पण तारे दर वॅटमागे किती ल्युमेन (उजेडाचे माप) मिळतात त्यावर ठरतात. शिवाय नोंदणीसाठी जो अहवाल लागतो, त्याचा नमुना उत्पादकच प्रयोगशाळेत पाठवतो. तुमच्या खोक्यातला बल्ब तिथे कधी गेलेलाच नसतो. माझ्या मते त्रयस्थ चाचणीचा सारा अर्थ 'नमुना कोणी उचलला' या एका प्रश्नात आहे. यंत्रे सगळीकडे सारखीच असतात.

आता २५,००० तासांविषयी. तेवढे तास कोणी बल्ब जाळून पाहत नाही, कारण त्याला जवळजवळ तीन वर्षे लागतील. मानकाप्रमाणे बल्ब सांगितलेल्या आयुष्याच्या चतुर्थांश काळ, तोही कमाल ६,००० तास, म्हणजे २५० दिवस जाळतात. पुढचा आकडा बहुधा सुट्या एलईडी चिपच्या चाचणीवरून गणिताने काढलेला असतो, आणि त्यात 'आयुष्य संपले' याचा अर्थ उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आला एवढाच. आतल्या ड्रायव्हरचा, म्हणजे चिपला योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, त्या गणिताशी संबंध नसतो, आणि घरोघरी बल्ब मरतो तो मुख्यतः ड्रायव्हरमुळे.

तुम्हाला नेमके जे मोजून मिळेल ते असे: मोठ्या पोकळ गोलात बल्ब लावून एकूण ल्युमेन, प्रत्यक्ष वॅट, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेचा किती भाग खरोखर कामी येतो) आणि रंगदर्शकांक (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात). उजेड सांगितल्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी किंवा वॅट दहा टक्क्यांहून जास्त भरले, तर बल्ब नापास. दर तीस सेकंदांनी चालू-बंद करण्याची चाचणी आणि सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) चाचणीही मागून घ्या. अंधेरीची ईआरटीएल (पश्चिम) आणि वडोदऱ्याची एर्डा या संस्था अशी कामे करतात; जवळच्या इतर प्रयोगशाळा एनएबीएलच्या, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, यादीत मिळतील. मात्र प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका, ती याच चाचणीसाठी आहे का ते पाहा.

तारतंत्री

दादांचे म्हणणे बरोबर आहे, पण प्रयोगशाळेचे पैसे भरण्याआधी एक काम फुकटात करा. गेलेल्या ३१ बल्बांपैकी कोणता कोठे होता, याची यादी करा. सगळे एकाच फेजवरचे निघाले तर मीटरखोलीत न्यूट्रल ढिला आहे का ते आधी बघा, कारण न्यूट्रल सुटला की एका फेजवर २३० च्या जागी ३०० व्होल्टसुद्धा येऊ शकतात. दोन-तीन बल्बांच्या टोप्या काढा. प्लेटवरच्या एका चिपमध्ये टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला, तर साखळीतली तेवढी एक चिप जळून सगळा दिवा बंद पडलेला असतो. कपॅसिटरचे (ड्रायव्हरमधल्या छोट्या नळकांड्याचे) डोके फुगलेले असेल, तर त्याला उष्णतेने मारले आहे. जिन्यात काचेचे बंद गोळे आहेत का, तेही कळवा.

ग्राहकहिताची वकीलताई

कायदेशीर बाजूबद्दल एवढेच लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार, वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोग स्वतः नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो, अहवाल ४५ दिवसांत मागवतो आणि त्याचे शुल्क तक्रारदाराकडून आधी भरून घेतो. तुम्ही एकट्याने पाठवलेल्या नमुन्यावर दुकानदार "हा बल्ब माझा नाहीच" असे म्हणू शकतो. म्हणून न वापरलेले बल्ब त्याच्यासमोर सील करा आणि बिलाची प्रत सोबत ठेवा.

जिन्याचा सचिव

सर्वांचे आभार. तारतंत्री, काल आमच्या वायरमनला घेऊन यादी केली. बल्ब तिन्ही फेजवरचे आहेत, पण ३१ पैकी २४ जिन्यातील काचेच्या गोळ्यांमधले निघाले. चार उघडून पाहिले, तर तिघांचे कपॅसिटर फुगलेले होते. खोक्याच्या अरुंद बाजूला, चष्मा लावूनही कष्टाने वाचता येईल अशा अक्षरांत 'बंद दिव्यात वापरू नये' असे छापलेले आहे, आणि ते खरेदी करताना आमच्यापैकी कोणीही वाचले नव्हते. त्या २४ बल्बांबद्दल आता दुकानदाराशी भांडण्यात अर्थ दिसत नाही.

गोलातला उजेड

ते अपेक्षितच होते. प्रयोगशाळेत ल्युमेन मोजतात ते २५ अंश तापमानाच्या, वारा नसलेल्या खोलीत. तुमच्या गोळ्यात मे महिन्यात काय होत असेल त्याचा अंदाज करा. गोळे काढा किंवा त्यांत ५ वॅटचे बल्ब लावा. उरलेले सात मात्र उघड्या होल्डरवरचे आहेत ना?

जिन्याचा सचिव

होय, सातही पार्किंगमधले. आमच्याकडे चौदा बल्ब अजून खोक्यात बंद आहेत. त्यांतले दहा येत्या रविवारी दुकानदाराला बोलावून, त्याच्या सहीनिशी सील करणार आहोत.