चार गाभे कसे असतील?

रिकामा_पाट: एका मुक्त प्रणालीच्या मराठीकरणात अडकलोय. संगणकावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी. प्रोसेसरच्या प्रत्येक कोरची, म्हणजे आतल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाची, वेगळ्या रंगाची रेघ. मी लिहिलं 'गाभा १', 'गाभा २'. तपासणाऱ्या ताईंनी परत पाठवलं: गाभा एकच असतो, चार कसे?

काटेसावर: ताईंचं बरोबर. केळीला एक गाभा, देवळाला एक गाभारा.

मधली_आळी: दोन्ही गर्भावरूनच आलेत. आणि जुळी होतात की!

चतकोर: कोर आपलाच शब्द. चंद्रकोर, भाकरीची कोर. क्वाड-कोर म्हणजे चतकोर, आणखी काय हवं?

काटेसावर: चतकोर म्हणजे पाव भाकरी हो. उच्चार जुळला म्हणून शब्द आपला होत नाही. शिवाय आपली कोर स्त्रीलिंगी. 'चारही कोरी तापल्या' म्हणणार का?

चतकोर: म्हणेन. तुम्ही 'प्रक्रियक' म्हणत बसा.

फणसपोळी: गरे म्हणा. फणस एक, गरे अनेक.

खटपट्या: नाव राहू द्या, रेघा मोजल्यात का? हायपरथ्रेडिंग, म्हणजे एकाच कोरवर दोन कामं चालवायची सोय, चालू असेल तर चार कोरांच्या मशीनवर आठ रेघा दिसतात. म्हणजे ती रेघ कोरची नाहीच. आकड्यांचंही तेच. लिनक्सच्या 'टॉप' या भार दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये एकच प्रोग्राम ३८७ टक्के दिसू शकतो, कारण तिथे एका रेघेचे १०० धरतात. कॅपिटल 'आय' दाबलं की सगळ्यांत भागून दाखवतो. विंडोजचा टास्क मॅनेजर मुळातच भागतो.

रिकामा_पाट: आत्ता पाहिलं. मूळ इंग्रजीत 'सीपीयू १' एवढंच आहे. कोर मीच घुसडला.

आजोळ: आठ रेघांवरून चूल आठवली. जाळ एकच, तोंडं दोन: चुलीवर भाकरी, वैलावर आमटी. हायपरथ्रेडिंग दुसरं काय? पहिलं काम मेमरीतून माहिती यायची वाट बघत अडलं, की तोच जाळ दुसऱ्याला. पण वैलावर भाकरी भाजून बघा, कच्ची राहते. म्हणून रेघा दुप्पट झाल्या तरी वेग दुप्पट होत नाही.

फणसपोळी: वा! 'वैल १', 'वैल २' लिहा.

खटपट्या: शहरातल्या पोरांना वैल कळणार आहे का?

काटेसावर: आमच्या घरी औल म्हणायचे. वैल हा अपभ्रंश.

आजोळ: अपभ्रंश तुमचा असेल. आमच्या आजीच्या तोंडी वैलच.

रिकामा_पाट: मंडळी, मला आज रात्री फाइल पाठवायचीय. 'सीपीयू १' ठेवू ना?

काटेसावर: औल स्त्रीलिंगी, हेही लक्षात घ्या.