डीटूएचजीडीएच: सबस्ट्रेट न घालताही डीसीपीआयपीचा रंग जातोय

प्रश्न: मानवी डी-२-हायड्रॉक्सिग्लुटारेट डिहायड्रोजनेज (डीटूएचजीडीएच) हे एन्झाइम ई. कोलाय जिवाणूत तयार केलंय. निकेल कॉलमने शुद्ध केल्यावर जेलवर एकच पट्टा. पण डीसीपीआयपी (इलेक्ट्रॉन घेतले की रंगहीन होणारा निळा डाय) वापरून ६०० नॅनोमीटरला वेग मोजताना सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) नसतानाही निळा रंग उडतो. प्रथिन जवळजवळ रंगहीन आहे. चुकतंय कुठे?

उत्तर १: बफरमध्ये डीटीटी (प्रथिन जपायला घालतात तो क्षपणकारक) आहे ना? रंग तोच खातोय. मर्कॅप्टोइथेनॉलही तेच करतं. एन्झाइमऐवजी नुसता बफर टाकून बघा, लगेच कळेल. मग डीसॉल्टिंग कॉलमने डीटीटी काढून टाका. डाय ५० मायक्रोमोलर पुरे, शोषण १ च्या आसपास येतं. १०० घेतलात तर २ च्या वर जातं आणि आकड्यांवर भरवसा राहत नाही. पीएच ७.५ ठेवा. आम्लात डाय लालसर होतो, तिथे २१ चा मिलिमोलर शोषण-गुणांक चालत नाही.

उत्तर २: प्रथिन रंगहीन म्हणजे एफएडी (या एन्झाइमला लागणारा पिवळा सहघटक) निसटलंय, हे जास्त गंभीर. भरलेलं प्रथिन पिवळं दिसतं. लायसिस बफरमध्येच १० मायक्रोमोलर एफएडी घाला, शेवटी मोकळं एफएडी काढा, मग ४५० ला मोजा (गुणांक साधारण ११.३).

उत्तर ३: आणि सबस्ट्रेटच्या एल-समघटकाचा (आरशातल्या प्रतिबिंबासारख्या रूपाचा) कंट्रोल लावाच. त्यावरही तेवढाच वेग आला, तर मोजताय ते हे एन्झाइम नव्हे.

प्रश्नकर्ता: डीटीटी १ मिलिमोलर होतं. सापडलं!