मिरचीतला दुपदरी आरएनए: पार्टिटिव्हायरस की आणखी काही?

प्रश्न: निरोगी दिसणाऱ्या मिरचीच्या पानांतून सेल्युलोजवर दुपदरी आरएनए (दोन धाग्यांचा, वनस्पतीत सहसा विषाणूची खूण) वेगळा केला. जेलवर १.५ केबीजवळ (केबी म्हणजे हजार बेस-जोड्या) दोन पट्टे येतात, पण आरएनेझ ए (आरएनए कापणारं विकर) दिलं की गायब. म्हणजे एकपदरीच होता का?

उत्तर १: लगेच तसं म्हणू नका. विकर देताना द्रावणात मीठ किती होतं? कमी मिठात आरएनेझ ए दुपदरी आरएनएही कापतं. ०.३ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये परत करा, तिथे फक्त एकपदरी जातो. डीएनेझही (डीएनए कापणारं विकर) द्या. सेल्युलोजला बांधताना इथेनॉल १६ टक्क्यांच्या आसपासच हवं; फार वाढलं तर डीएनए आणि एकपदरी आरएनएही चिकटतो.

उत्तर २: जवळजवळ सारखे दोन पट्टे ही पार्टिटिव्हायरिडीची, म्हणजे पार्टिटिव्हायरसांच्या कुळाची, ठळक खूण. एका आरएनएवर पॉलिमरेझचं (आरएनएच्या प्रती काढणारं विकर) जनुक, दुसऱ्यावर विषाणूच्या कवचप्रथिनाचं, दोन्ही आरएनए वेगवेगळ्या कणांत. एंडॉर्नाव्हायरस (मिरचीत आढळणारा दुसरा विषाणूगट) असता तर १० केबीच्या वर एकच पट्टा दिसला असता.

उत्तर ३: पण विषाणूचा यजमान कोण, मिरची की बुरशी, हे तपासाच! याच कुळातले विषाणू बुरशीतही असतात आणि पानात बुरशी लपलेली असू शकते. बी वरून निर्जंतुक करून रोपं वाढवा, त्यांत शोधा. कलम करून विषाणू पसरतो का हे बघण्यात वेळ घालवू नका. विषाणूला पेशीतून पेशीत नेणारं प्रथिनच वनस्पतींतल्या पार्टिटिव्हायरसांकडे नाही, प्रसार बी-परागातूनच.