मामा तलावातल्या वनस्पतींचे सायनोटाइप: धुताना निळा रंग उडतो

तलावकाठ_भंडारा
नमस्कार मंडळी. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातलं गवत, शिंगाड्याची पानं, पाणवनस्पती यांचे सायनोटाइप, म्हणजे उन्हात निळे उमटणारे छाप घेऊन ग्रामपंचायतीच्या भिंतीसाठी दोन मीटरचा पट करायचा आहे. प्रमाण नेहमीचंच: १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही समभाग. कोऱ्या मांजरपाटावर दुपारचं ऊन १० मिनिटं. निळा येतो, पण बोअरच्या पाण्यात फिका होत पिवळट पडतो. केमिकल जुनं झालं असेल का? आणि लहान पोरांकडून करून घेण्यासारखं बिनकेमिकलचं काही आहे का?

निळाई
केमिकलला दोष देऊ नका भाऊ, बादली बघा. पहिलं पाणी पिवळं-हिरवं येणारच. पण बादली निळी होत असेल तर ऊन कमी पडलं किंवा कापडात खळ राहिली. पाणी स्वच्छ आणि कापडच पिवळं होत असेल तर तो क्षाराचा, म्हणजे आम्लाच्या उलट अल्कधर्मी पाण्याचा मार. हा निळा आम्लात टिकतो, क्षारात मोडतो, आणि असा गेलेला परत येत नाही.

कोरं मांजरपाट तसंच वापरू नका. धुण्याचा सोडा घालून उकळा, खळ काढा, मग साध्या पाण्यात चार-पाच वेळा खंगाळा. सोडा उरला का हे पाहायला ओल्या कोपऱ्यावर हळद लावा. लाल झाली तर अजून खंगाळा. छाप धुताना १० लिटरच्या बादलीत दोन चहाचे चमचे लिंबूसत्त्व टाका. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर उत्तमच. पिवळं पाणी थांबलं की बाहेर काढा, उगाच तासभर भिजत ठेवू नका. बादली प्लास्टिकची, ब्रशला लोखंडी पत्रा नको, नाहीतर निळे ठिपके पडतात.

मीटरभर कापडाला साधारण १०० मिली मिश्रण लागतं. अंधाऱ्या खोलीत लावा, तिथंच वाळवा, त्याच दिवशी वापरा. वाळल्यावर कापड पिवळं-हिरवं दिसलं पाहिजे. उन्हाआधीच निळसर झालं तर वाया गेलं.

रानछाप
घड्याळावर जाऊ नका, रंगावर जा. उघडा भाग निळा होऊन पुढे राखाडी, मळकट दिसू लागला की झालं. मे महिन्यात हे लवकर होतं, थंडीत वेळ लागतो.

ताजी पानं काचेखाली घाम सोडतात आणि कडेला डाग पडतात. आधी दोन दिवस वर्तमानपत्रात दाबा. शिंगाड्याचं पान जाड, त्याचा नुसता पांढरा आकार येईल; शिरा हव्या असतील तर पातळ कोवळी पानं किंवा जाळी झालेलं पिंपळपान घ्या. पाणवनस्पती पाण्यातच पारदर्शक प्लास्टिकवर तरंगवून पसरा, अलगद उचला, सावलीत वाळवा आणि शीटसकट कापडावर ठेवा. इंग्लंडच्या वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून शेवाळांचे छाप याच तंत्राने काढले, म्हणजे तुमचा विषय या कलेच्या मुळाशीच आहे. (नाजूक फांद्यांपुढे आपल्याकडचं वारं हाच मोठा शत्रू. काच नसेल तर टाचण्या.)

हळदकुंड
पोरांसाठी हळद. चमचाभर पूड ५० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, फडक्यातून गाळा, जाड कागदावर दोन हात द्या. स्पिरिट मोठ्यांनी हाताळावं, चूल-काडेपेटी लांब. वाळल्यावर पान ठेवून दोन-तीन तास कडक ऊन. उघडा भाग फिका होतो. मग २०० मिली पाण्यात चमचाभर टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून फवारा: पानाची सावली तांबूस तपकिरी होते. हे पक्कं होत नाही, उजेडात विरत जातं, फायलीत ठेवा. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद मिळाली तर बघा, पण भेसळीची नको.

तलावकाठ_भंडारा
निळाई, कापडाच्या ओल्या कोपऱ्यावर हळद लावून पाहिली, लाल झाली! पटावर हिरड्याचा काळपटपणा आणता येईल का?

निळाई
येईल, पण छाप पूर्ण वाळल्यावर. आधी सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात निळा किंचित उतरवा, खंगाळा, मग हिरड्याच्या गाळलेल्या काढ्यात बुडवा. कापडाचा पांढरा भागही पिवळसर होईल, हे गृहीत धरा. तुकड्यावर करून बघा आधी.

फेरिसायनाइडजवळ संडास साफ करायचं ॲसिड कधीही नेऊ नका, विषारी वायू निघतो. उरलेलं मिश्रण तलावात तर नाहीच. आणि भिंत निवडताना दुपारचं ऊन टाळा. पट कधी धुवावा लागला तर साबण, वॉशिंग पावडर बंद, साधं पाणी.