मानवी भांडवल की मनुष्यबळ?

लेखणी: सीमेलगतच्या प्रदेशांतल्या उद्योगांवरचा एक अहवाल मराठीत आणतेय. ‘ह्यूमन कॅपिटल’साठी मी सगळीकडे ‘मानवी भांडवल’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘मनुष्यबळ’ केलं. आता वाक्य झालंय, ‘सीमेवरच्या उद्योगांची कामगिरी मनुष्यबळावर ठरते.’ वाचणारा म्हणेल, माणसं वाढवा की धंदा वाढला! मूळ मुद्दा वेगळा आहे. माणसं तितकीच असली तरी दोन्हीकडची भाषा नि कायदे जाणणारी ज्या कंपनीत आहेत, तिची सरशी होते. काय करू?

तळटीप: मनुष्यबळ म्हणजे नुसती डोकी मोजणं. ही कल्पना रुजवणाऱ्या अर्थतज्ज्ञांपैकी शुल्ट्झ यांचं १९६०चं भाषण घ्या किंवा बेकर यांचं १९६४चं पुस्तक, सगळा भर शिक्षण-प्रशिक्षणात केलेल्या गुंतवणुकीवर आहे. गुंतवलं जातं ते भांडवलच. तुमचंच बरोबर.

रानवाट: माणसाला भांडवल म्हणणं मला सोसवत नाही. ‘दुःखाचं भांडवल केलं’ म्हणतो तेव्हा आपण कौतुक करत नसतो. जर्मनीत २००४ साली ‘ह्यूमन कॅपिटल’च्याच जर्मन शब्दाला वर्षाचा अपशब्द ठरवलं होतं.

तळटीप: वाईट वास ‘भांडवल करणे’ला आहे, भांडवलाला नाही. मूळ शब्द ‘भाण्ड’. अमरकोशात त्याचा एक अर्थ व्यापाऱ्याचं मूळ धन असाच दिलाय.

रानवाट: अहवाल वाचणारा अमरकोश उघडून बसणार नाही. त्याच्या कानाला काय लागतं ते बघा.

ओंजळ: ‘पुंजी’ चालेल का? साठवत आणलेलं, असा भाव येतो.

तळटीप: नको, लगेच हिंदी वाटतं.

ओंजळ: ‘आयुष्यभराची पुंजी’ आपण किती वर्षं म्हणतोय! हिंदीत आहे म्हणून आपला शब्द टाकून द्यायचा का?

पैलतीर: मी सीमेपार माल पाठवणाऱ्या एका कंपनीत होतो. कस्टम्सच्या कागदावर मालाचा जो कोड असतो, त्याचे पहिले सहा आकडे जवळपास सगळ्या देशांत सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. आमच्या एका बाईंना दोन्ही देशांचे पुढचे आकडे तोंडपाठ. कागदावर बोट ठेवून सांगायच्या, ‘हा तिकडे अडकेल.’ त्या सोडून गेल्या, जागी दोघं आले. मनुष्यबळ वाढलं आणि गाड्या नाक्यावर उभ्या राहायला लागल्या. आम्ही त्याला ‘जाणकारी’ म्हणायचो.

लेखणी: अगदी हेच मला वाक्यात हवंय! पण जाणकारीत आरोग्य बसत नाही, आणि अहवालात तेही धरलंय. शिवाय लक्झेंबर्गचं उदाहरण आहे. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून दोन लाखांहून जास्त लोक तिथे कामाला जातात. शिकवलं एका देशानं, उपयोग दुसऱ्याला. हे भांडवल कुणाचं, हा प्रश्न ‘मनुष्यबळ’ लिहिल्यावर विचारताच येत नाही.

ओंजळ: आणि पलीकडे पदवीच ग्राह्य धरली नाही तर? माणूस तोच, भांडवल गोठलं.

पैलतीर: मग ‘कसब’?

तळटीप: अरबी शब्द कशाला? संस्कृतात ‘कौशल्य’ आहे की.

रानवाट: अरबीत ‘कस्ब’ म्हणजे कमावणं. जन्मानं न मिळालेलं, कष्टानं कमावलेलं. बेकरना याहून जवळचा शब्द कुठला सापडेल? आणि परका म्हणून कसब नको असेल, तर ‘सरहद्द’ही सोडावी लागेल. ‘सर’ फारसी, ‘हद्द’ अरबी.

तळटीप: मी सीमाच लिहितो.

ओंजळ: लेखणी, शीर्षकात ‘सीमाभाग’ तर नाही ना केलंय? मराठी माणसाला लगेच सीमाप्रश्न आठवेल.

लेखणी: केलंय. पहिल्याच पानावर.